ढोलाच्या कपाळी टिकली

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा. पोट रिकामं, तोंडं दोन, मार खाल्ल्याशिवाय बोलत नाही कोण? बरोब्बर! ढोल.

आमच्या टिटवाळ्यात हा बोलका गडी वर्षभर भेटत असतो. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनाला रांगा लागतात, तेव्हा भेटतो. भाद्रपदात मिरवणुका काळू नदीकडे निघतात, तेव्हा तर गल्लीगल्लीत भेटतो. आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणावर त्याचा चुलतभाऊ हजर असतो, तो म्हणजे बँडचा मोठा ड्रम. धम्, धम्, धम्! त्याच्या ठोक्यावर सगळ्या वर्गांचे पाय एकदम पडतात.

ढोल सगळ्यांना ऐकू येतो. वाजवणाराही सगळ्यांना दिसतो. पण दोन गोष्टींकडे कुणाचं लक्ष नसतं. एक म्हणजे त्याच्या हातातली काठी. आणि दुसरी, ती काठी जिथे आपटते ती तळहाताएवढी जागा. ढोल किती वर्षं जगणार आणि गोड बोलणार की कर्कश, हे या दोन गोष्टी ठरवतात.

तुम्ही म्हणाल, “बाई, एवढं काय त्यात? फाटला तर नवीन आणायचा!” पण शाळेत मोठा ड्रम असतो एकच. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर आला आणि त्याचं पान फाटलं, तर संचलन मुकं होतं. नवीन पान आणायचं, चढवायचं, ताणून सुरात आणायचं, म्हणजे खर्च आणि धावपळ दोन्ही. त्यापेक्षा आधीच काळजी घेतलेली बरी, नाही का?

पान म्हणजे काय?

ढोलाच्या तोंडावर ताणून बसवलेल्या पडद्याला ‘पान’ म्हणतात. पूर्वी ते चामड्याचंच असायचं, बहुतेक बकरीच्या. चामड्याचा आवाज भरदार, पण त्याचं पावसाशी मुळीच जमत नाही. हवेतली ओल शोषली की ते सैल पडतं आणि आवाज ‘भद्द’ येतो. आता गंमत पाहा. आपला गणेशोत्सव येतो नेमका पावसाळ्यात! म्हणून जुने ताशेवाले मिरवणुकीत मधेच थांबून कागद पेटवायचे आणि त्या आचेवर ताशा शेकायचे. ओल गेली की कातडं पुन्हा ताठ आणि ताशा पुन्हा कडकडीत.

१९५०च्या दशकात अमेरिकेत पॉलिस्टरचा एक चिवट, पातळ पडदा तयार झाला. त्याचं नाव मायलर. १९५७ साली रेमो बेली नावाच्या ड्रमवादकाने त्याची पानं बनवणारी कंपनी काढली. मायलरला ओल लागत नाही, त्यामुळे पाऊस असो की ऊन, सूर फारसा हलत नाही. आज शाळांच्या ड्रमवर आणि पुष्कळशा ढोलांवर प्लास्टिकच्या जातीचंच पान असतं. त्याची जाडी किती असेल? साध्या एकपदरी पानाची जाडी साधारण पाव मिलिमीटर! म्हणजे वहीची तीन-चार पानं एकावर एक ठेवलीत तर होईल तेवढी. आणि एवढ्याशा जाडीवर आपण दणादण काठ्या हाणतो.

मऊ की कडक?

आता एक करा. बाकावर नखाने टकटक करा. मग मूठ वळून तिच्या करंगळीकडच्या मांसल बाजूने तेवढ्याच जोराने मारा. बाक तोच, हात तोच, पण आवाज वेगळा. पहिला बारीक आणि टणक, दुसरा जाड आणि घुमणारा. असं का?

ढोलाच्या पानात एकाच वेळी पुष्कळ सूर दडलेले असतात. काही खालचे, घुमणारे. काही वरचे, बारीक, खणखणीत. कडक टोक पानाला लागतं आणि लगेच उडतं. त्या चटकन बसलेल्या धक्क्याने बारीक सूरही जागे होतात. मऊ टोक मात्र लागल्यावर जरासं दबतं आणि क्षणभर पानावर टेकून राहतं. तेवढ्या वेळात ते बारीक सूर दडपून टाकतं. उरतो तो खालचा, पोटातून आल्यासारखा ‘धम्’.

म्हणून शाळेच्या मोठ्या ड्रमच्या काठीला टोकावर गोळा असतो. तो बहुधा नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा असतो. काही काठ्यांचा गोळा रबराचा, लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचाही असतो. यातला चांगला कुठला? याचं उत्तर वाजवायचं कुठे यावर आहे. बंद सभागृहात किंवा वर्गात सराव असेल तर मऊ नमदा घ्यावा. मोकळ्या पटांगणावर शेवटच्या रांगेलाही ठोका कळायला हवा, तिथे जरा घट्ट दाबलेला नमदा. नुसतं लाकूड किंवा प्लास्टिक पानाला फार लागतं. ते अगदी गरज पडली तरच वापरायचं.

ठोका कुठे मारता यावरही आवाज ठरतो बरं का! मधोमध मारलं की आखूड, भरीव ठोका येतो. कडेकडे सरकावं तसा आवाज जास्त खणखणतो आणि लांबतो. कवायतीला पाय नेमका पडायला हवा, म्हणून ठोका मध्याच्या आसपास हवा.

काठ्यांचं कुटुंब

आपल्या महाराष्ट्रात प्रत्येक चर्मवाद्याने आपली काठी स्वतःच्या स्वभावाप्रमाणे निवडली आहे. ढोलाला एका बाजूने लाकडी टिपरू आणि दुसऱ्या बाजूने हाताची थापी. ताशाला वेताच्या बारीक, लवचिक काड्या, आता फायबरच्याही मिळतात. त्या लवतात म्हणूनच एवढ्या वेगाने ‘तर्रर्र’ वाजू शकतात. हलगीला एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड काठी ठेका धरते आणि बारीक काडी नक्षी काढते. गोंधळ्यांच्या संबळाची एक काठी तर टोकाशी वाकडी असते. संबळ ऐकाल तेव्हा ती मुद्दाम पाहा.

काठी नेहमी हातातच असते असंही नाही. वाद्यवृंदात एकच माणूस चार-पाच ड्रम वाजवतो ना, तो सगळ्यांत मोठा ड्रम वाजवतो पायाने! जमिनीवर एक पायपट्टी असते. ती दाबली की काठी पुढे येऊन पानावर आपटते, सोडली की स्प्रिंगने मागे जाते. शिकागोच्या विल्यम लुडविग या वादकाने १९०९ साली अशी जलद चालणारी पायपट्टी बाजारात आणली. त्याआधीही पायपट्ट्या होत्या, पण त्यांचा वेग नव्या चालींना पुरत नव्हता. या काठीच्या टोकालाही नमद्याचा गोळाच.

आणि आपल्याकडे? कित्येक देवळांत आरतीच्या वेळी विजेवर चालणारा नगारा वाजतो. बटण दाबलं की मोटार फिरते, दांडे खालीवर होतात, नगारा, घंटा आणि झांज सगळं एकदम सुरू. वाजवायला माणूस नसला तरी आरती थांबत नाही. पण या यंत्राकडे एकदा नीट बघा. त्याची काठी रोज, प्रत्येक वेळी, नेमकी त्याच ठिपक्यावर पडते. पायपट्टीचंही तसंच. इथेच आपल्या गोष्टीतली दुसरी वस्तू येते.

एकाच जागी किती मार?

चला, थोडं गणित करू. जलद संचलनात मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात. डाव्या पावलाला एक ठोका धरला, तर मिनिटाला ६० ठोके. वीस मिनिटांच्या सरावात १२०० ठोके. दहा दिवस सराव केलात तर १२ हजार! आणि हे सगळे जवळजवळ एकाच जागी.

आधी तिथे पान पांढुरकं दिसू लागतं. मग बारीक खळगा पडतो. मग एक दिवस ‘फट्ट’! पान चारी बाजूंनी ताणलेलं असतं, त्यामुळे एकदा चीर पडली की ती धावत सुटते.

यावर उपाय सोपा आहे. जिथे काठी पडते तिथे आधीच एक छोटी गोल पट्टी चिकटवायची. आमच्या चौथीच्या मुलींनी तिचं नाव ठेवलंय ‘ढोलाची टिकली’. मला ते इतकं आवडलं की आता मीही तेच म्हणते.

टिकली काय करते? काठीच्या टोकाचा मार एका ठिपक्यावर न राहता आजूबाजूला थोडा पसरवते. टोक पानाला टेकतं ती जागा समजा एक चौरस सेंटिमीटर आहे. पाच सेंटिमीटर रुंदीच्या गोल टिकलीचं क्षेत्रफळ येतं जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर. मोठ्या वर्गातल्या मुलांनी सूत्र वापरून ताळा करून पाहावा. मार सगळीकडे अगदी सारखा वाटला जात नाही, पण मधल्या जागेचा भार नक्की हलका होतो. शिवाय घासला जातो तो टिकलीचा पृष्ठभाग, पानाचा नाही. टिकली झिजली तर बदलता येते.

परदेशी ड्रमसाठी तयार टिकल्या मिळतात, त्यांतल्या काही केव्हलरच्या असतात. केव्हलर म्हणजे तोच धागा, ज्याची बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटं करतात! स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली तो शोधून काढला. सैनिकाच्या छातीचं रक्षण करणारा धागा ढोलाच्या कपाळावर, आहे की नाही गंमत?

काळी शाई, पांढरी कणीक

आता तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, “तबल्याला पण मधे काळी टिकली असते, ती कशासाठी?”

छान प्रश्न! ती टिकली रक्षणासाठी नाही, आवाजासाठी आहे. तिला शाई म्हणतात. लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचं मिश्रण थरावर थर देऊन, दगडाने घोटून घोटून ती बसवतात. साध्या ढोलाच्या पानातले सूर एकमेकांशी नीट जुळत नाहीत. शाईच्या वजनाने ते जुळून येतात, म्हणून तबला गाण्याच्या सुरात लावता येतो. हे कसं घडतं, याचा अभ्यास केला आपल्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२० साली ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. पुढे १९३४ साली रामन यांनी याच विषयावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. पानावर बारीक वाळू भुरभुरून ते कुठे थरथरतं आणि कुठे स्थिर राहतं, हे त्यांनी पाहिलं. नोबेल पारितोषिक मिळवणारा शास्त्रज्ञ तबल्यावर वाळू टाकून बसलाय, डोळ्यांसमोर आणा बरं!

पखवाजाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी मळलेली कणीक थापतात आणि वाजवून झाल्यावर काढून टाकतात. कणकेच्या वजनाने आवाज खाली उतरतो, खोल होतो.

यातून आपल्याला एक धडा मिळतो. पानावर काहीही चिकटवलं की आवाज बदलतोच. म्हणून ढोलाची टिकली लहान आणि हलकी हवी. रक्षणाच्या नादात थरावर थर चढवलेत, तर पान टिकेल, पण ढोल गप्प होईल. न बोलणारा ढोल टिकवून करायचंय काय?

टिकली लावण्याची रीत

१. आधी जागा शोधा. काठीच्या गोळ्याला खडूची पूड चोळा आणि नेहमीसारखे आठ-दहा ठोके मारा. पानावर जिथे पांढरा डाग उमटेल, तिथेच टिकली लावायची. आपल्याला वाटतं आपण मधोमध मारतो, खडू खरं सांगतो!

२. पान कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा. धूळ किंवा घाम राहिला तर टिकली सुटते.

३. टिकली गोलच कापा. चौकोनी पट्टीचे कोपरे आधी उचकटतात.

४. आकार काठीच्या गोळ्यावरून ठरवा. गोळा जेवढा पानाला टेकतो, त्याच्या कडेने बोटभर जास्त एवढं पुरे.

५. साहित्य साधं चालतं. जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी किंवा पातळ, मऊ कापड असलेली कुठलीही चिकटपट्टी घ्या. एकच थर द्या आणि वाजवून ऐका. आवाज फार बसला तर टिकली लहान करा.

६. हे सगळं प्लास्टिकच्या पानासाठी. चामड्याच्या पानावर चिकटपट्टी लावू नका. काढताना चामड्याचा वरचा थर तिच्याबरोबर निघून येतो. तिथे काठी मऊ घ्या आणि मारण्याची जागा अधूनमधून थोडी बदला.

७. चीर पडलेल्या पानाला टिकली वाचवू शकत नाही. ती आधी लावायची असते, नंतर नाही.

काठी घेताना

दुकानात काठी आवडली की लगेच घेऊ नका. गोळा अंगठ्याने दाबून पाहा. तो जरा दबून परत वर यायला हवा. दगडासारखा लागला तर नको. गोळा हलवून पाहा, काठीवर डुगडुगत असेल तर तो वाजवताना निसटून उडेल. लाकडी टिपरू असेल तर टोकावरून बोट फिरवा. ढलपी किंवा टोचणारी कड असेल तर तीच पान फाडते. ती पॉलिश-पेपरने घासून गुळगुळीत करा. आणि सर्वांत महत्त्वाचं, काठी तुमच्या हाताला पेलते का ते बघा. दादाची जड काठी घेऊन छोटा भाऊ वाजवायला लागला, तर मनगट दुखतं आणि ठोकाही चुकतो.

घरी करून पाहा

साहित्य: रिकामा डबा, मोठा फुगा, रबरबँड, पेन्सिल, कापूस, चिमूटभर रवा, कापडी चिकटपट्टी.

फुग्याचं तोंड कापून टाका. उरलेलं रबर डब्याच्या तोंडावर ताणून रबरबँडने पक्कं करा. झाला ढोल! आता पेन्सिलच्या बोथट मागच्या टोकाने हलका ठोका मारा. मग त्याच टोकाला कापूस गुंडाळून मारा. डोळे मिटून ऐका, फरक कळतो का? नंतर रबरावर रवा भुरभुरा आणि पुन्हा वाजवा. रवा नाचेल. कुठे जास्त नाचतो, कुठे कमी? शेवटी मधे नखाएवढी टिकली लावा आणि ऐका. मग रुपयाएवढी लावा. आवाज कसा बदलतो ते वहीत लिहून ठेवा. झालात की नाही छोटे रामन?

टिकलीपेक्षा मनगट मोठं

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता खरी गोष्ट सांगते. पानाचा सर्वांत चांगला रक्षक टिकली नाही, तुमचं मनगट आहे.

आम्ही वर्गात एक खेळ करतो. ज्याला वाटतं की जोरात मारलं म्हणजेच मोठा आवाज येतो, त्याने पुढे यायचं. तो सगळी ताकद लावून काठी पानात रुतवतो. आवाज येतो ‘थप्प’. मग दुसऱ्याने काठी सैल धरायची, मनगटातून टाकायची आणि लागताच परत येऊ द्यायची, जसा चेंडू टप्पा खाऊन वर येतो. आवाज येतो ‘धम्म्म्’, लांब आणि गोल. काठी पानावर दाबून धरली की पानाचं थरथरणंच बंद होतं. म्हणजे मार जास्त आणि आवाज कमी! काठी परत उडू दिली की पानही खूश आणि ऐकणाराही.

दुसऱ्या वेळी वर्गातला सर्वांत किडकिडीत मुलगा पुढे आला होता. त्याचा ठोका पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. त्या दिवसापासून मोठा ड्रम त्याच्याकडे आहे आणि गोळ्याची काठी तो दप्तरात जपून ठेवतो.

पालकांसाठी दोन शब्द

पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांची ढोल-ताशा पथकं नावाजलेली आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडेही आता मुलं-मुली हौसेने पथकांत जातात. जरूर पाठवा. ताल, शिस्त आणि एकमेकांशी जुळवून घेणं, तिन्ही तिथे शिकायला मिळतं. फक्त तीन गोष्टी पाहा.

पहिली, कान. तज्ज्ञांच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, पण १०० डेसिबलला ही मुदत फक्त १५ मिनिटांवर येते. ढोल-ताशांच्या मधे उभं राहिलं की आवाज शंभराच्या वर सहज जातो. तेव्हा कानात बोळे हवेतच, आणि सरावाला मऊ काठी. सरावानंतर कानात ‘कुंई’ आवाज येत असेल तर ती धोक्याची सूचना समजा.

दुसरी, शेजारी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सरकारने जाहीर केलेले सणांचे थोडे दिवस सोडले, तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्यं वाजवायची नाहीत. शेजारी कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, हे मुलांना वाजवायच्या आधी शिकवूया.

तिसरी, वस्तूची कदर. काठी पुसून ठेवणं, टिकली वेळेवर बदलणं, चामड्याचा ढोल ओलीपासून दूर ठेवणं ही कामं मुलांनाच करू द्या. जो मूल स्वतःच्या हाताने ढोलाला टिकली लावतो, तो ढोलाला उगाच बडवत नाही.

सांगा पाहू!

१. ताशाच्या काड्या लवचिक का असतात?
२. तबल्याची शाई आणि ढोलाची टिकली यांत फरक काय?
३. एका संचलनात मिनिटाला ११० पावलं पडतात आणि प्रत्येक डाव्या पावलाला एक ठोका आहे. अर्ध्या तासात ठोके किती?

तिसऱ्याचं उत्तर १६५०. पण आधी स्वतः गणित करा, मग पडताळा! आणि उद्या शाळेत गेलात की मोठ्या ड्रमच्या पानावर मधोमध बोट फिरवून पाहा. खळगा लागला तर बाईंना किंवा सरांना लगेच सांगा.